गप्प बसलेली ग्रामसभा

कात्रजला रस्त्याकडेला कुणी पाचोळा पेटवला, की मला ती ग्रामसभा आठवते. धरणासाठी आदिवासी वाडीची संमती कायद्यानं घ्यावी लागते, म्हणून अख्खी वाडीच टेम्पोत घालून पुण्याच्या एसी सभागृहात आणली होती. मी तिथं कारकून होतो. त्यांच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास होता. "कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. कुणीच बोललं नाही. "मग संमत," म्हणून साहेब उठले. जिन्यात एक आजी मला समाधानानं म्हणाली, "आमच्या बैठकीत एखादी गोष्ट नको असली, की समदी गप बसत्यात. सायबाला कळलं आसंल." आता त्या धरणाचं पाणी माझ्या नळाला येतं. दाब कमी झाला, की आमची सोसायटी लगेच हरकत नोंदवते.