डाव्या हाताचा कासरा

मुडबीचा प्रेमानंद अठ्ठावीस वर्षं शंकरपटात, म्हणजे छकड्यांच्या शर्यतीत, बैल हाकत होता. बैल त्याचे नव्हते. पळणारी जोडी पाळणं हे गावच्या भुसार व्यापाऱ्याचं, बसलिंगप्पांचं काम; आणि त्या जोडीमागं हलक्या छकड्यावर उभं राहून जीव मुठीत धरून ती हाकणं हे प्रेमानंदचं. उदगीरपासून आळंदपर्यंतच्या पटांत बसलिंगप्पांची जोडी उतरली की लोक आधी विचारत, ‘‘वर प्रेमानंद हाय का?’’

त्याच्या चाळिशीत कोर्टाच्या बंदीनं पट थांबले. तीन-चार वर्षं तो दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेला. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा छकड्यावर पाय ठेवताना त्याला वाटलं, आपण काल इथून उतरलो होतो. पण शरीर मधल्या काळात थांबलं नव्हतं.

आता वेळ यंत्र मोजतं. पूर्वी पंचांच्या हातात घड्याळ असायचं, थोडं इकडंतिकडं चालून जायचं. यंत्र मुर्वत ठेवत नाही. सहा सेकंद वीसमध्ये पळणारी जोडी सहा चाळीसवर आली, मग सहा साठवर. प्रेमानंद म्हणायचा, जमीन ओली होती. पुढच्या पटाला म्हणायचा, उजवा बैल सुस्तावलाय.

एकदा जेवताना त्याच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला. बायको पंचशीला काही बोलली नाही. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा बोलली.

‘‘बोटांत जीव न्हाई तुमच्या. लपवायलाव कामून?’’

ती त्याला बसवकल्याणच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. एवढी वर्षं छकड्यावर धक्के खाऊन मानेचे मणके झिजले होते, हाताची शीर दबली होती. ‘‘वय एक्कावन्न. आता गाडी सोडा,’’ ते म्हणाले. ‘‘हात ऐन वेळी दगा देईल.’’

‘‘व्हय, सोडतो,’’ प्रेमानंद म्हणाला. परतताना बसमध्ये त्यानं पंचशीलाकडून वचन घेतलं, की हे गावात कुणाला कळू द्यायचं नाही.

पौषात बसलिंगप्पांनी आपल्या पुतण्याला, नागेंद्रला, सरावासाठी आणलं. पंचवीस वर्षांचा, सडपातळ, अंगात वारं भरल्यासारखा.

‘‘तीच जोडी त्याला एकदा हाकू दे,’’ बसलिंगप्पा म्हणाले. ‘‘तू घड्याळ धर. तुझ्याएवढं कुणाला कळतंय?’’

नागेंद्रनं जोडी सोडली. प्रेमानंदनं शेवटच्या रेषेवर घड्याळ दाबलं आणि आकड्याकडं पाहिलं. सहा सेकंद अठरा. तेच बैल, तीच कोरडी जमीन.

‘‘किती रे?’’ लांबून बसलिंगप्पांनी विचारलं.

‘‘सहा सत्तर, अप्पा.’’

नागेंद्रचा चेहरा पडला. प्रेमानंदनं घड्याळ पुसून शून्यावर आणलं. ‘‘सवयीनं जमतंय,’’ असं म्हणून त्यानं त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

म्हणून खजुरीच्या पटाला छकड्यावर प्रेमानंदच उभा राहिला.

रेषेच्या पुढं, थोडं उजव्या अंगाला, कल्लप्पा उभा होता. पळून आलेल्या बैलांना पुढं होऊन धरायचं, हे त्याचं काम. वीस वर्षं त्यानं प्रेमानंदची जोडी धरली होती. प्रेमानंद सरळ येतो, हे त्याला इतकं ठाऊक होतं, की तो पुरतं बाजूलाही सरायचा नाही.

झेंडा पडला. जोडी सुटली. प्रेमानंदनं आवाज दिला, आणि बैल असे निघाले की लोक उभे राहिले. रेषा मागं पडली. आता दोन्ही कासरे एकदम ओढायचे. त्यानं ओढले. उजवा ताणला गेला. डावा बोटांतून निसटला. निसटला हे त्याला कळलंही नाही, दिसलं तेव्हा तो खाली लोंबत होता. एकाच कासऱ्याच्या ओढीनं जोडी उजवीकडं वळली.

कल्लप्पा पळाला नाही. त्यानं नेहमीसारखे दोन्ही हात पुढं केले.

जू त्याच्या छातीवर बसलं. आळंदच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं नाही. कलबुर्गीच्या वाटेवर, प्रेमानंदच्या मांडीवर डोकं असताना, तो गेला.

‘‘बैल बुजला,’’ लोक म्हणाले. कुणी म्हणालं ढोल वाजला, कुणी म्हणालं कुत्रं आडवं आलं. प्रेमानंदला कुणी काही विचारलं नाही. उलट त्यालाच धीर देत होते.

तेराव्या दिवशी तो बसलिंगप्पांच्या दुकानात गेला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. हात, डॉक्टर, घड्याळ.

बसलिंगप्पांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, ‘‘मला खोटा आकडा सांगितलास?’’

‘‘व्हय, अप्पा.’’

‘‘पोलिसात बैल बुजला म्हणून लिहिलंय. तेच राहू दे. माझ्या दारात पुन्हा येऊ नको.’’

तिथून तो कल्लप्पाच्या घरी गेला. कल्लप्पाची बायको सिद्धव्वा तूर पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

‘‘अक्का, बैलाचा दोष न्हाई. माझा हाय.’’

‘‘हे मला कामून सांगायलाव, अण्णा?’’ ती म्हणाली. ‘‘बैलावर मी रागावत नव्हते. मुक्या जनावरावर काय रागवायचं? आता रोज उठून तुमच्यावर रागवावं लागतंय मला. तुमचं ओझं उतरलं असंल. माझ्यावर टाकलाव.’’

प्रेमानंदला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. तो उठला.

त्याचं ओझं उतरलं नव्हतंच. जेवताना, चालताना, झोपेतून उठताना त्याची डावी मूठ आपोआप आवळली जाते आणि आवळली आहे की नाही हे त्याला पाहावं लागतं.

छकड्यावर आता नागेंद्र असतो. गेल्या वर्षी तो मुडबीच्या पारावर भेटला. त्याला सगळं कळलं होतं. ‘‘काका, माझा टाइम किती आला होता त्या दिवशी?’’ त्यानं एवढंच विचारलं.

‘‘सहा अठरा.’’

नागेंद्रनं मान हलवली आणि तो निघून गेला.

पाऊसपाणी झालं की प्रेमानंद भाड्यानं आणलेली कामाची जोडी घेऊन सिद्धव्वाच्या रानात कोळपणी करून देतो. कुणी सांगितलेलं नाही. ती बांधावर येते, बघते. नको म्हणत नाही आणि पाण्यालाही विचारत नाही. पिकाच्या ओळीमागून ओळ संपवून, तिन्हीसांजेच्या आत, तो बैल सोडून घराकडं चालू लागतो.