अळीची विद्या

दिग्रसच्या बसस्टँडमागं फवारणीचे पंप दुरुस्त करणारा जफर मिस्त्री हल्ली दुपारभर परवेजच्या नेट कॅफेत कॉम्प्युटरवर गेम खेळत बसे. बीटीचं बियाणं आलं, कपाशीवरची अळी आपोआप मरू लागली, अन् पंप घरोघरी आढ्याला टांगले गेले.

गेमचा कायदा असा, की ज्या जातीच्या राक्षसाशी लढाल, तिचीच विद्या वाढते. लांडग्याची विद्या अजगरापुढं फुकट. पहिल्या दिवशी गेमनं राक्षसाची जात निवडायला सांगितली, तेव्हा कॅफेतल्या सगळ्यांनी एकच निवडली, अळी. दुसरा दुश्मन कोणाले ठाऊक होता? हत्तीएवढ्या अळीच्या पोटाखाली कुठं मऊ असतं, हे जफर आता झोपेतही सांगेल. पण पुढच्या दारावर हाडाचा सापळा उभा. त्याला मऊ काहीच नाही. जफर रोज जायचा, रोज मरायचा.

"विसरून टाका ना अळीले, जफरभाई," परवेज म्हणाला. "गेम एक डाव मोका देते. जुनी विद्या पुसाची, सापळ्याची शिकाची."

"अन् अळी आली तं?"

"कुठची येते आता."

मेहुणा शाहिदही तेच म्हणत होता. पंपाचं दुकान सोड, बोरी अरबला ये, मोबाईल दुरुस्ती शिक. आज संध्याकाळी त्याला जवाब द्यायचा होता. बायकोनं, नसरीननं, तर बॅगही भरून ठेवलेली. जफरचे डोळे मात्र आताच चुरचुरायचे. ते बारके स्क्रू कसे दिसायचे?

तेवढ्यात पुंडलिकराव जुना पंप खांद्यावर घेऊन दारात उभे.

"मिस्त्री, दुकान बंद करून इथं कायले बसून राह्यले? कपाशीवर पांढरं पिठावानी पडलं. बोट लावलं तं चिकट. आत बारके किडे हायेत, ढेकणावानी."

"अळी नाही?"

"अळी असती तं घरीच झोपलो नसतो का?"

"मंग दवाई कोणती मारसान?"

"थे कोणालेच ठाऊक नाही. पंप तं चालू करून द्या."

जफरनं दांडा दाबून पाहिला. आतला चामड्याचा वायसर वाळून लाकूड झाला होता.

"मंग पुसू का विद्या?" परवेजनं विचारलं.

"पूस. अन् शाहिदले फोन लाव. म्हण, जफर यंदा काही येत नाही."

तो दुकानाशी पोचला, तर पुढं आणखी दोघं पंप घेऊन उन्हात बसले होते. जफरला बरं वाटायला हवं होतं. त्याला नुसतं आडवं पडावंसं वाटलं. त्यानं खिशातली किल्ली काढली.