दोन्हीकडून आलेली पत्रिका

आमचे सर कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की पहिला प्रश्न, "गोळी चालू हाय का?" शिपाई असो, रिक्षावाला असो. एकदा माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी हेच विचारलं. सासरे ठणठणीत, बिचारे दिवसभर आरशात तोंड बघत होते.

सर नांदेडला मेंदूचे डॉक्टर, आणि मी त्यांच्याकडे मेंदूचा आलेख काढणारा टेक्निशियन. फिट येणाऱ्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. गोळ्यांनी फिट थांबतात, मग लोक गोळ्याच का थांबवतात? तुम्ही म्हणाल, अज्ञान. मीही तेच म्हणायचो. सर टेबलावर हात आपटत, "अज्ञान नव्हं, लगीन!"

खरंच होतं ते. पाहुणे बघायला येणार म्हटलं की गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर जात. सर कपाळाला हात लावत. "मेंदूतला बिघाड सापडतो हो मला. ह्यांचा कुठं शोधू?"

एका उन्हाळ्यात अहमदपूरकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मुलगी आमची जुनी पेशंट. हळू आवाजात म्हणाले, "सर, या लग्नाला. पण तिकडल्यांना बोलू नका काही. गोळ्या बंद केल्यात."

सरांनी पत्रिका वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. नवरदेव मुरुडचा. तोही आमचाच पेशंट! चार दिवसांनी त्याची आई त्याच लग्नाचं आमंत्रण घेऊन हजर. "पोरीकडल्यांना कळू देऊ नका बरं, सर."

एका पेशंटचं दुखणं दुसऱ्याला सांगणं डॉक्टरला चालत नाही. सरांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विनवलं. "खरं सांगून टाक. लगीन मोडत न्हाई, मी हमी घेतो."

"तुम्ही कशाची हमी घेऊन राहिलात, सर?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला कुठं सासरी जायचंय?" मुलगा तर पुरतं न ऐकताच उठून गेला.

ते गेल्यावर सर माझ्यावर ओरडले, "एक वाक्य बोललो तर दोघं सुटतात, अन् तेच बोलता येईना मला!" माझंही डोकं फिरलं होतं. मी लग्नाला गेलोच नाही. सर गेले आणि न जेवता परत आले.

पावसाळ्यात सर अचानक गेले. हृदयाने दगा दिला. संशोधन अर्धं राहिलं, खोलीत नवे डॉक्टर बसू लागले. त्यांचा माझ्यावर राग नाही, माझा मात्र उगाच त्यांच्यावर आहे.

दिवाळीनंतर ते जोडपं आलं. दोघं एकत्र, हातात पेढ्यांचा पुडा. नवऱ्याला घरात फिट आली होती. त्याची आई चप्पल हुंगवायला धावली, तर सुनेने ती हिसकून बाहेर भिरकावली, नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली पदर घातला. तो शुद्धीवर आल्यावर घरच्यांनी तिला विचारलं, "तुला कसं गं येतं हे?"

"सरांनी आमच्या आईला शिकवलं होतं," ती म्हणाली होती. "माझ्यासाठी."

आता दोघांच्याही गोळ्या सुरू होत्या. "सर कुठं हायेत?" तिनं उत्साहानं विचारलं. "त्यांना सांगायचंय आधी."

इतका संताप झाला माझा! थोडे महिने थांबले असते सर, तर काय बिघडलं असतं? "सर गेले," एवढंच म्हणालो.

तिनं पुडा टेबलावर ठेवला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता आपल्यावर रागवायचं कुणी?"