थोरलीचा नावाडी

थोरलीला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं. तिचं हळू बोलणं खुपायचं, तिने निवडलेले पडदे खुपायचे, आणि सासू तिच्या हातचा चहा पिऊन "छान झालाय हं" म्हणायची ते तर फारच खुपायचं. एकच गोष्ट होती जिच्यावर उघड बोलता यायचं. धाकटीला कुठलंही दार उघडं टाकून जायची खोड होती. ती आत आली की थोरली स्वयंपाकघरातून ओरडायची, "दार लाव. वाऱ्याचं घर आहे का हे?" तेवढंच बरं वाटायचं तिला.

घरातलं खुपणं घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पंचाईत अशी की सकाळी डबा भरून थोरली ज्या ऑफिसला निघायची, तिथेच धाकटीही निघायची, आणि बसायची अगदी समोरच्या टेबलावर. बरं, तिला तिथे चिकटवली कोणी? थोरलीनेच की. रडायचं तरी कुणाजवळ?

ऑफिस म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारा स्टुडिओ. नुसत्या मारामारीचे किंवा गाड्या पळवायचे गेम नव्हेत. खेळणाऱ्याने एखादं पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांना भेटायचं, त्यांची कामं अंगावर घ्यायची, असे ऐसपैस गेम. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एकच खोली होती, तेव्हापासून थोरली तिथे होती. त्या वेळी गाव दाखवायचं म्हणजे चार चौकोन आणि एक विहीर. चित्रं काढायला धड माणूस नव्हता. मग गाव उभं राहायचं ते बोलण्यातून, आणि ते बोलणं लिहायची थोरली. तिचा लोहार तलवारीची किंमत सांगण्याआधी जावयाची गाऱ्हाणी सांगायचा. चौकीदार रस्ता सांगता सांगता स्वतःच्या गुडघेदुखीवर घसरायचा. अर्धा पडदा नुसत्या अक्षरांनी भरलेला असायचा आणि लोक तो आवडीने वाचायचे. स्टुडिओचं नाव झालं ते त्या बडबडीवर.

या बडबड्यांत तिचा लाडका म्हणजे नावाडी. नदी ओलांडायची तर त्याच्या नावेत बसावं लागायचं, आणि बसलं की त्याचं पुराण ऐकावं लागायचं. दुसऱ्या गेममध्ये तो होता, तिसऱ्यातही होता, दर खेपेला थोडा अधिक म्हातारा. तो बोलायचा थेट थोरलीच्या वडिलांसारखा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे तिने ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

मग स्टुडिओ मोठ्या जागेत गेला. चित्रकार आले, गवत हलायला लागलं, पाण्यात ढग दिसायला लागले. तसा पडद्यावरचा, बोलणं लिहायचा चौकोन आकसत गेला. मालक म्हणायचे, "लोक वाचत नाहीत हो आता. बटण दाबून पुढे जातात." तिसऱ्या गेममध्ये थोरलीच्या वाट्याला तळाची एक पट्टी उरली होती. तरी नावाडी होता. तो आहे तोवर आपण आहोत, असं तिने मनाशी धरलं होतं.

धाकटी तेव्हा फर्निचरच्या दुकानात काम करायची. दुकानात खोट्या खोल्या मांडून ठेवतात ना, पलंग, दिवा, उशाशी उघडं पुस्तक, ते मांडणं हे तिचं काम. दुकान बंद पडलं आणि ती घरी बसली. सासू थोरलीला म्हणाली, "तुझ्याकडे बघ ना तिच्यासाठी काहीतरी." थोरलीने मालकांकडे शब्द टाकला. पोरगी बसेल एका कोपऱ्यात, खुर्च्यांची चित्रं निवडेल, असा तिचा हिशेब होता.

धाकटीने काय करावं? एका शेतकरणीचं घर मांडलं. शेतकरीण घरात नाही. चुलीवरचं दूध उतू गेलेलं, एक चप्पल उंबऱ्यात आणि दुसरी पार अंगणात. झालं. मालक त्या चपलेकडे बघतच राहिले. "हिला काय झालं असेल?" असं चारदा म्हणाले. चौथ्या गेमची सगळी चालच त्या दिवशी बदलली. आता माणसं कमी, खोल्या जास्त. कोणी काही सांगायचं नाही, बघणाऱ्याने ओळखायचं. मालक मीटिंगमध्ये "धाकट्या बाईंना विचारा" म्हणायला लागले, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

एकदा धाकटी भर मीटिंगमध्ये हळूच म्हणाली, "या वेळी नावाडी नसेल. तो वारलाय. फक्त त्याची झोपडी दिसेल." मग थोरलीकडे वळून, "चालेल ना ताई?"

"न चालायला काय झालं," थोरली म्हणाली. तोंडावर हसूसुद्धा आणलं तिने.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, गेममधला माणूस तो. मेला तर मेला." तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं.

स्टुडिओत चाचणीची एक रीत होती. बाहेरचा कोणीतरी खेळायला बोलवायचा आणि बनवणाऱ्यांनी त्याच्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसायचं. तो चुकला, अडकला, कंटाळला, तरी शब्द काढायचा नाही. झोपडीची चाचणी ठरली तशी थोरलीच्या डोक्यात ते आलं. संवादांची फाइल तिच्याच ताब्यात होती. झोपडीत शिरलं की खाली नावाड्याचं बोलणं आलं पाहिजे. येऊ दे, धाकटीच्या त्या शांततेची माती होऊ दे. खोली बिघडवायचीच होती तिला, उगाच कशाला लपवा.

ती ऐसपैस लिहायला बसली. नावाडी पाण्यावर बोलला, गुडघ्यांवर बोलला, जगावर बोलला. पण चौकोन घेईना. धाकटीने तो एवढासा करून ठेवला होता, दोन ओळींच्या वर काही मावेचना. थोरली तिला मनसोक्त शिव्या घालत कापत गेली. पाणी गेलं, गुडघे गेले, जग गेलं. उरलं ते तिने चरफडत तसंच ठेवलं आणि कुणाला न सांगता फाइल गेममध्ये चढवली.

चाचणीला औषधांच्या दुकानातली एक बाई आली होती. मागे मालक, धाकटी आणि थोरली. बाई झोपडीचं दार उघडून आत गेली. भिंतीला टेकवलेलं वल्हं, एकच ताट, घडी घातलेलं पांघरूण. ती सावकाश बघत होती. तेवढ्यात खाली अक्षरं उमटली:

"दार लोटून घे. मी नाही म्हणून काय वाऱ्याचं घर झालं का हे?"

बाई थांबली. थोरली मनात म्हणाली, दाब आता बटण. बाईने दाबलं नाही. ती मागे वळली, दारापर्यंत चालत गेली आणि तिने दार लावलं. त्याचे काही गुण मिळत नव्हते, त्याने पुढची वाटही उघडत नव्हती. "बरं बाबा," ती पुटपुटली आणि परत त्या एकाच ताटाकडे वळली.

ती गेल्यावर मालक उठले. "हे वाक्य आधी नव्हतं. काय वाक्य आहे! यापुढे प्रत्येक खोलीत असं एकच वाक्य, बास." आणि ते धाकटीला म्हणाले, "तुम्हीच ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. घे, ती मनात म्हणाली. हो म्हण एकदा. म्हणजे आयुष्यभर तुझ्यावर जळायला मला खरंखुरं कारण मिळेल.

"माझं नाही," धाकटी म्हणाली. "ताईंचं आहे. घरी रोज मीच ऐकते ते."

सगळे हसले. मालकांनी थोरलीचा हात हातात घेऊन दाबला. प्रत्येक खोलीचं वाक्य तीच लिहील, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. थोरली "हो" म्हणाली. तिला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि ते जावेच्या हातून मिळालं होतं. ते तिच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी ती आधी घरी पोचली. कणीक मळायला घेतली. मागून धाकटीची पावलं वाजली, तसा थोरलीने सवयीने श्वास भरून घेतला. वडिलांच्या तोंडचं ते दाराचं वाक्य ओठांवर आलं होतं.

धाकटी आत आली. वळली, आणि दार अगदी हळूच, नीट लावून घेतलं.

थोरली कणीक मळत राहिली. हेही न्यायचं होतं का हिने, असं तिला वाटलं.