वन्संनी काशीत काय सोडलं

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं असतं. माझ्या सासूबाई फणस सोडून आल्या होत्या. त्यामुळे मी आणि माझी नणंद निघालो, तेव्हा गिरगावात आमच्या मजल्यावर काशीपेक्षा जास्त चर्चा वन्सं काय सोडणार याचीच होती. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी वन्सं म्हणायला सांगितलं, ते आता आम्ही दोघी साठीपलीकडे गेलो तरी चालू आहे. कुणी म्हणालं, आंबा सोडतील. कुणी म्हणालं, वांगं सोडतील, तसंही कुठे खातात. वन्सं नुसत्या हसल्या आणि गंगेपाशी गेल्यावर बघू म्हणाल्या.

नवऱ्याच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून तो घरी राहिला. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच अशा कुठे गेलो नव्हतो.

ऐन थंडीत गेलो. विमानातून उतरलो ते धुक्यातच, आणि पुढे काशी आम्हाला दिसली तीही अर्धीमुर्धीच. घाटावरच्या मराठी वस्तीत खोली मिळाली होती. खिडकी उघडली की समोर नदी असायला हवी होती, पण पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. त्या पांढऱ्यातून घंटा ऐकू यायची, कुणाचं तरी खोकणं, पाण्यावर वल्ह्याचा आवाज. विश्वनाथाच्या रांगेत उभ्या राहिलो, अन्नपूर्णेला गेलो, काळभैरवाला गेलो. गल्ल्या इतक्या सारख्या की त्याच देवळात आपण पुन्हा आलो की काय असं वाटायचं. एकदा तसंच झालंही. वन्सं म्हणाल्या, बरं झालं, मघाशी नीट दिसलं नव्हतं.

मग सोमवार आला.

वन्संचा सोमवार आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखा होता. दिवसभर उपास, फोर्टातलं ऑफिस सुटलं की बाबुलनाथाचं दर्शन, आणि दिवेलागणीला घरी येऊन जेवण. निवृत्त झाल्यावर ऑफिस गेलं, बाकीचं राहिलं. त्यांची स्थळं मोडत होती तेव्हा सासूबाईंनी तो धरायला लावला, एवढं मला लग्नानंतर कळलं होतं. लग्न काही जमलं नाही. पुढे सासूबाई गेल्या. सोमवार चालूच राहिला, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

त्या सकाळी आम्ही घाट उतरलो. पाणी कुठे सुरू होतं ते शेवटच्या पायरीवर गेल्यावरच कळलं. वन्संना पाण्याची भीती. जन्म चौपाटीजवळ गेला, पण समुद्रात घोट्याच्या वर कधी गेल्या नाहीत. इथे मात्र घाटाला बांधलेली साखळी धरून, दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट पकडून त्या आत उतरल्या आणि मी काही म्हणायच्या आत बुडी मारली. क्षणभर मनगटावर फक्त त्यांची बोटं होती, बाकी सगळं धुकं. मग त्या वर आल्या, केस चेहऱ्याला चिकटलेले. शाळकरी मुलीसारख्या दिसत होत्या.

कोरडी लुगडी नेसून आम्ही छत्रीखाली बसलेल्या गुरुजींपाशी गेलो. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. मराठी बोलायचे, पण हेल हिंदीचा. भाजी सोडा, फळ सोडा, जे मनाला आवडतं ते सोडा, असं म्हणत त्यांनी वन्संच्या ओंजळीत पाणी घातलं आणि काय सोडता म्हणून विचारलं.

"सोमवारचा उपास सोडते," वन्सं म्हणाल्या.

"आज उपास आहे का, आई? मग तो संध्याकाळी सोडा."

"तसा नाही. कायमचा."

गुरुजींच्या हातातली पळी थांबली. सोडायची ती वस्तू आवडीची असावी लागते, असं त्यांनी हळूच समजावलं.

वन्संनी थोडा विचार केला. "इतकी वर्षं धरलाय," त्या म्हणाल्या, "आता आवडीचाच म्हणायचा."

गुरुजींनी एकदा नदी होती त्या बाजूला पाहिलं आणि "माझ्यामागून म्हणा," म्हणाले. वन्संनी संकल्प म्हटला आणि ओंजळ उघडली. पाणी पायरीवरून ओघळत खाली गेलं. मी उगाच ओले कपडे पुन्हा पिळत बसले.

पायऱ्या चढताना त्या आपणहून बोलल्या. आईने लग्न जमेपर्यंत कर म्हणून सांगितलं होतं. बस कर म्हणायला आई राहिली नाही. मग ज्याचा उपास त्यालाच इथे येऊन विचारावं, असं त्यांना वाटलं होतं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"तो कुठे काय म्हणतो?" वन्संच्या आवाजात जराही कडूपणा नव्हता. "पण नको असंही म्हणाला नाही."

वर गल्लीत कढई तापली होती. वन्संनी द्रोणात कचोरी घेतली, उभ्याउभ्याच खाल्ली आणि अजून एक मागितली. वर जिलबी. बोटं चाटून झाल्यावर त्या बराच वेळ गल्लीच्या टोकाकडे बघत राहिल्या. तिथे धुक्यात पहिल्यांदाच सूर्य आला होता, ताकात भिजवल्यासारखा फिकट.

संध्याकाळी नावेतून आरती पाहिली. दिवे विरघळलेले, मंत्र कुठून येतात ते कळत नव्हतं. वन्सं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. नाव काठाला लागेपर्यंत मी हलले नाही.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, तेव्हा वन्संनी उपास सोडला म्हणून सांगितलं. ते ठीक, पण काशीत काय सोडलं, असं बायका पुन्हा विचारू लागल्या. वन्संनी त्यांच्या हातावर प्रसादाचे पेढे ठेवले.

पुढच्या सोमवारी दुपारी वन्सं आमच्याबरोबर पानावर बसल्या आणि वरणभात वाढून घेतला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने लिंबाची फोड बहिणीच्या ताटाकडे सरकवली. जेवून वन्सं जरा आडव्या झाल्या, त्या चहाच्या वेळेपर्यंत उठल्याच नाहीत.