मऊ चाकं आणि मिरजेची रेल्वे

मंडळी, तालमीच्या फळ्यावर आज सुविचाराऐवजी माझी चूक लिहितोय.

सकाळी फौजेतल्या धाकट्या भावाला आटपाडीहून मिरजेला रेल्वेवर सोडायला निघालो. नदीच्या वाळूत जीप रुतू नये म्हणून चाकांची हवा कमी केली आणि डांबरी रस्त्यावर परत भरायची विसरलो. उशीर झालेला, म्हणून जीप दामटली. अर्ध्या वाटेतच पेट्रोलचा काटा तळाला गेला.

भाऊ म्हणाला, "दादा, हवा भर. मऊ चाकं लय पेट्रोल पित्यात. आन सावकाश चालव."

"आरं, तुझी रेल्वे चुकंल."

"पेट्रोल संपलं तर चुकंलच की."

पायपंपानं हवा भरली, सावकाश गेलो. रेल्वे फलाटावरच होती, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

रेल्वे त्याची आणि घाई माझी. तुमचं असं कवा झालंय का, गड्यांनो?