पाण्याची काच

जिथे टॉकीज होती तिथे आता कोचिंग क्लासची चार मजली इमारत आहे. मी तो रस्ता टाळते असं नाही. भाजीला त्याच रस्त्याने जावं लागतं. फक्त वर बघत नाही.

माझे यजमान त्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, वरच्या खोलीत बसून सिनेमाचं मशीन चालवायचे. यंदा पौषात ते गेले. त्यांच्याबद्दल आमच्या गल्लीत एक गोष्ट सांगतात, ती खरी नाही. ती दुरुस्त करायचा मी एकदा प्रयत्न केला.

टॉकीज म्हणजे डाळ मिलचं जुनं गोदाम. दगडी भिंती, वर पत्रे, बायकांना वेगळं दार. उन्हाळ्यात तीनच्या खेळाला पत्रे इतके तापायचे की पडद्यावर बर्फाचे डोंगर आले की बायका पदराने वारा घ्यायचं थांबवायच्या.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पेढे वाटून झाले, कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. पाऊस मात्र दोन वर्षं आला तसा गेला. नळाला आठ दिवसांतून एकदा, अर्धा तास पाणी, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. पाणी सोडणारा माणूस सायकलवरून टॉकीजपुढून जायचा. दुपारी निम्म्या गल्ल्यांच्या बायका तीनच्या खेळाला असायच्या. घरात बसून तरी काय, पाण्याचीच वाट बघायची. त्यातून एक रीत पडली. तो दारवानाला सांगायचा, दारवान जिन्यातून वर ओरडायचा, आणि हे त्या गल्लीची काच दिव्यापुढे धरायचे.

काचा आम्ही घरी केल्या होत्या. चिमणीच्या काजळीवर काच काळी करायची आणि सुईने कोरायचं: अमुक गल्ली, पाणी सोडले. ह्यांचं अक्षर वाईट, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून कोरायचं काम माझं. चालू सिनेमावर माझी अक्षरं उमटायची, कधी नायिकेच्या कपाळावर, कधी ऐन मारामारीत. त्या गल्लीच्या बायका उठायच्या, खुर्च्या खडखडायच्या, आणि बाकीच्या म्हणायच्या, "पळा, आज तुमची दिवाळी हाय."

मलाही उठावं लागे. गावात राहून दहा-बारा सिनेमे पाहिले, त्यातल्या निम्म्यांचे शेवट वर्गातल्या मुलींकडून ऐकले. एका शनिवारी भाकरी वाढताना मी ह्यांना म्हणाले, "एक तरी शेवटपर्यंत बघायचाय मला." ते म्हणाले, "पाऊस पडू दे." एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई आणि हरवलेली मुलगी, असा काहीतरी सिनेमा होता. शेवटी त्या दोघी रेल्वेच्या फलाटावर भेटल्या, आणि मी नीट रडले. दिवे लागले. समोरच्या घरातल्या मावशी शेजारी बसल्या होत्या, त्यांनीही डोळे पुसले. आम्ही बोलत बोलत घरी आलो. नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसत होती. पाणी येऊन गेलं होतं. घरातल्या म्हाताऱ्यांनी जमेल तशी एखादी घागर धरली होती, बाकी सगळं गटारात.

पाच-सहा बायका तशाच टॉकीजच्या जिन्यापाशी गेल्या. मावशी पुढे.

"काय ओ भाऊजी, घरात ओली बाळंतीण हाय माझ्या. काचंच्या भरवशावर आल्ते मी. काच कुठं गेली?"

हे वरच्या पायरीवर उभे होते. मागून एकजण म्हणाली, "झोपलं आसंल. अंधारात बसून दुसरं काय करतंय माणूस."

"हाव," हे म्हणाले. "डोळा लागला."

तो आठवडा गल्लीने स्टेशनकडच्या विहिरीवरून पाणी आणलं. मावशींच्या घरच्या घागरी हे स्वतः सायकलला बांधून पोचवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सायकल टेकवताना मला म्हणाले, "झोपलो नव्हतो. निरोप आला तेव्हा शेवटचं रीळ लागलेलं. झरोक्यातून बघितलं, तू पुढं वाकून बसली होतीस. म्हटलं, दहा मिंटं."

मी पाणी भरून शाळेत गेले.

पुढे काचेवर कोणी विसंबलं नाही. प्रत्येक घरातली एक बाई नळापाशी थांबू लागली. ह्यांना कुंभकर्ण नाव पडलं. पाऊस झाला, टॉकीज बंद पडली, गोदाम पाडलं, तरी ते नाव राहिलं. लग्नाकार्यात ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हेच ते, झोपलेले." हे हसायचे. मी दर वेळी ताटाकडे बघायची. एका वाक्याचं काम होतं. तीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, आणि ते वाक्य माझ्याकडून झालं नाही.

ते गेल्यावर बायका बसायला आल्या. मावशी आता काठी घेऊन चालतात. चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "लई भला माणूस. त्या एक्या दिशी झोप लागली तेवढीच."

"झोप लागली नव्हती, मावशी," मी म्हणाले. "मला शेवट बघायचा होता. म्हणून त्यांनी काच लावली नाही."

मावशींनी कप खाली ठेवला.

"मंजे जागा व्हता?"

"हो."

"बाई," त्या म्हणाल्या, "झोपंला काय करायचं म्हणून सोडून दिल्तं आमी."

त्यांनी चहा संपवला नाही. सुनेचा हात धरून उठल्या आणि उंबऱ्यापाशी चपला शोधत बसल्या. मी वाकून त्या पुढे सरकवल्या.

याला आता दोन महिने होतील. दळणाला जाताना त्या माझ्या दाराशी न थांबता त्यांच्याच बाजूने पुढे जातात. त्या रागावल्या आहेत असं मला वाटत नाही. काय म्हणायचं ते त्यांना सुचत नसेल, मलाही सुचत नाही. हे असते तर एवढंच म्हणाले असते, "कशाला सांगितलंस?"